कोंडाईची झोळी

ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा. मला मात्र ही गोष्ट सांगताना बसवत नाही, मी आपली उभीच बरी. मध्येच चालत दारापर्यंत गेले तर हसू नका.

कधीची गोष्ट, ते विचारू नका. हिरडवाडीच्या ओढ्यावर तेव्हा ओलांडायला साकव नव्हता, आणि आज चावडी आहे तिथे कारवीचं रान होतं, एवढं पुरे. त्या वेळी गावात कोंडाई नावाची एक कांडपीण होती. घरोघरी जाऊन भात, वरी कांडून द्यायची आणि त्याबद्दल मिळतील ते दाणे पदरात बांधून आणायची. बाईच्या पायाला भिंगरी होती. बसली की तिचे पाय दुखायचे आणि चालायला लागली की दुखायचे थांबायचे, असं म्हणतात. मुसळाच्या आवाजावर बोलून बोलून गळाही असा मोठा झालेला, की वरच्या आळीत बोलली तर खालच्या आळीतलं पोर दचकून उठायचं.

आता तुम्हाला माहीत आहे, आमच्या डोंगरात श्रावण-भादवा म्हणजे ओढीचे दिवस. जुनं धान्य सरलेलं, नवं अजून शेतात हिरवं. वरून पाऊस आणि दारात धुकं. कुणाच्या कणगीत काय उरलंय, हे कोण कुणाला सांगणार? पण कोंडाई संध्याकाळी बाहेर यायची आणि छपरं बघायची. आमच्या घरांना धुराडी नव्हती, चुलीचा धूर छपरातूनच झिरपायचा. ज्या छपरावर धूर नाही, त्या घरात आज काही शिजलं नाही. मग हिचा जीव थाऱ्यावर राहतो कुठला! हातातलं टाकून पदरात दाणे घेऊन निघालीच. आणि गप्प जाईल तर शपथ. वाटेवरूनच ओरडायची, "अगं ए बये, चूल का नाही पेटवलीस? दाणे नाहीत का घरात? सांगायचं नाही का आधी!"

देणं खरं होतं हो तिचं. स्वतःच्या तोंडचं काढून द्यायची. पण ज्याला मिळायचं त्याचं पोट भरायचं आणि मान खाली जायची, हे काही तिच्या ध्यानात येत नव्हतं.

तिच्या भिंतीला भिंत लावून मंजुळा राहायची. नवरा घाटाखाली कामाला गेला तो परतला नव्हता, पदरात सगुणा नावाची लहान मुलगी. एका श्रावणात मंजुळाची चूल थंड राहिली आणि कोंडाई अशीच ओरडत तिच्या दारी गेली. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना बायका मंजुळाला म्हणाल्या, "कोंडाई आहे म्हणून बरं बाई तुझं." वाईट हेतूनं नव्हे, सहज म्हणाल्या. मंजुळानं धुणं तसंच पिळलं आणि घरी आली. त्या दिवसापासून तिच्या छपरावर रोज न चुकता धूर दिसायला लागला. आतून मडक्यात पळी फिरल्याचा आवाजही यायचा. कोंडाईला बरं वाटलं. शेजारच्या घराचा घोर मिटला, म्हणून ती लांबच्या घरांकडे बघायला लागली.

आणि भादवा लागता लागता मंजुळा मेली.

दुखणं नाही, ताप नाही. कोंडाई धावत गेली तेव्हा चूल पेटलेली होती, चुलीवर मडकं होतं. तिनं झाकण काढलं. आत नुसतं पाणी. सगुणा चुलीपाशीच बसली होती. पोरगी म्हणाली, "आई रोज पाणीच ढवळायची. माझ्यासाठी दोन घास ठेवायची आणि मग पाणी ढवळायची. म्हणायची, जोरात ढवळलं की कोंडाई येत नाही."

कोंडाईच्या काळजाचं पाणी झालं. तिनं पोरीला उचललं, घरी आणलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पण त्यानंतर तिची जी तगमग सुरू झाली ती काही केल्या थांबेना. अंथरुणावर पडेना, चुलीपुढे बसेना. पावसात डोंगरावर जायची आणि हिरड्याच्या झाडाला धरून उभी राहायची. एकच बोलायची, "माझ्या तोंडानं मारलं तिला." असं म्हणतात की त्या हिरड्याची साल तिच्या हातांनी गुळगुळीत झाली. अजून आहे तशीच, जाऊन बघा.

मग एक दिवस ती खाली आली आणि तिनं जुन्या काळ्या घोंगडीची झोळी शिवली. चांगली खोल, हात कोपराच्या वर आत जाईल एवढी. त्यात आधी स्वतःची मूठ रिकामी केली आणि पहिल्या दारी जाऊन उभी राहिली. पण दाराकडे पाठ करून! तोंड डोंगराकडे, झोळी मागे खांद्यावर. आणि हळू आवाजात म्हणाली, "झोळी आली."

रीत अशी घातली तिनं: प्रत्येक घरानं हात घालायचा. मूठ मिटून आत घालायची, मूठ मिटूनच बाहेर काढायची. ज्याच्याकडे आहे त्यानं आत सोडायचं. ज्याच्याकडे नाही त्यानं घ्यायचं. कोणी काय केलं ते झोळीला ठाऊक. आणि पाटलाचं घर असो नाहीतर कातकऱ्याची झोपडी, कुठलंही दार चुकवायचं नाही.

तेव्हाच्या पाटलाला हे काही पटेना. तो म्हणाला, "असं कसं कोंडाई? कोण घेतंय ते कळायला नको? उद्या भरल्या घरचा माणूसही मूठ भरून नेईल."

"नेऊ दे," कोंडाई म्हणाली. "कळायलाच नको आहे, पाटील. कळलं म्हणून माझी शेजारीण मेली."

पाटलानं मूठ मिटून हात झोळीत घातला. पुढे एका साली त्याचीच कणगी ओलीनं कुजली आणि पाटलीणबाईंनीच झोळीतून मूठ भरून घेतली, असं म्हणतात. आता तुम्ही विचाराल, कोणी बघितलं नाही तर म्हणतात कसं? मला काय विचारता! म्हणणाऱ्यांना विचारा.

वर्षामागून वर्षं झोळी फिरली. कोंडाई ओढ्याकाठी आली की पुराचं पाणी घोट्यापर्यंत उतरायचं, असं म्हणतात. रानडुक्कर वाट सोडून उभं राहायचं. ज्या साली घेणारेच जास्त, त्या साली झोळी शेवटच्या घरी जाताना हलकी व्हायच्या ऐवजी जड व्हायची. खोटं असेल तर असू दे. पण ओढीच्या दिवसांत आमच्या गावात पुन्हा कोणी पाणी ढवळलं नाही, हे मात्र खरं.

ढवळलं एकदाच. तेच सांगायला तर मी उभी आहे.

एका साली पीक असं बुडालं की कुणाकडे कांडायला देण्याइतकं काही उरलं नाही. कांडण नाही तर कांडपिणीला दाणे कुठले? कोंडाई म्हातारी झालेली. तरी झोळी घेऊन रोज निघायची, घरामागून घर. धान्याची झोळी जिच्या खांद्यावर, तिच्या पोटात काही आहे की नाही हे कोणाच्या मनात येणार? आणि तिनं मंजुळाच्या राखेपुढे शपथ घेतलेली, की या झोळीतला दाणा आपण घ्यायचा नाही. सगळ्यांच्या दारी झोळी जायची. तिच्या दारी कोण नेणार? ही साधी गोष्ट एवढ्या वर्षांत ना तिला सुचली, ना गावाला.

सगुणा तेव्हा खालच्या आळीत नांदत होती. एका संध्याकाळी ती कोंडाईला बघायला वर आली; तिला ती मावशीच म्हणायची. कोंडाईच्या छपरावर धूर होता. आतून पळीचा आवाज येत होता. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, चला, म्हातारी जेवायला करतेय. पण सगुणा अंगणातच थांबली. नुसत्या पाण्यात पळी सैल वाजते, मडक्याच्या कडेला टकटक लागते. हा आवाज ती लहानपणी रोज ऐकत झोपली होती.

"काय शिजवतेस गं, मावशे?" तिनं बाहेरूनच विचारलं.

"पेज गं पोरी. तू जा, अंधारून येतंय," कोंडाई म्हणाली आणि पळी आणखी जोरात फिरवली.

सगुणाच्या तोंडावर आलं होतं, ओरडावं, आख्खा गाव गोळा करावा. गाव धावत आला असता, कणगीच्या तळाचं खरवडून घेऊन आला असता. पण ओरडण्यानं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं आत जाऊन खुंटीवरची झोळी उचलली, एक शब्द न बोलता बाहेर आली. दाराकडे पाठ केली, तोंड डोंगराकडे, झोळी मागे खांद्यावर. आणि म्हणाली, "झोळी आली."

आतली पळी थांबली.

कोणी आलं नाही. पाऊस वाढला. सगुणा भिजत राहिली, पण वळली नाही. तिच्या मनात एकच, आई गेली तशी हीही जाणार का, आणि मी पुन्हा नुसता पळीचा आवाज ऐकत राहणार? मागून कोंडाईचा आवाज आला, इतका लहान की तिचा वाटेना.

"हात उचलत नाही गं, सगुणे. लाज वाटते."

"आईलाही वाटायची," सगुणा म्हणाली. "मी बघत नाहीये, मावशे."

मग आत कोंडाई रडली. मंजुळा गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती, असं म्हणतात. रडणं ओसरलं आणि थोड्या वेळानं सगुणाच्या खांद्यावर झोळी जराशी ओढली गेली. एक हात आत गेला, बाहेर आला. मूठ भरलेली होती की रिकामी, तिनं बघितलं नाही. ती तशीच उभी राहिली. खूप वेळानं घरात पुन्हा पळी फिरायला लागली. आधी सैल, टकटक. मग हळूहळू आवाज दाटत गेला. दाणा शिजायला लागला की येतो तसा. तेव्हा कुठे सगुणानं डोळे पुसले आणि ती पुढच्या घराकडे निघाली.

कोंडाई पुढे पुष्कळ जगली. शेवटी एका भादव्यात धुक्यातून डोंगर चढून गेली ती दिसलीच नाही. मेलेली कोणी पाहिली नाही. ओढीच्या दिवसांत अजून धुक्यात कोणीतरी घाईघाईनं चालल्याचा आवाज येतो. मी ऐकलाय. तुम्हाला नसेल येत तर गप्प बसायला शिका.

आणि हिरडवाडीत झोळी अजून फिरते. श्रावण सरायला लागला की निघते, भरल्या साली, रोडावल्या साली, दरवर्षी. घर पक्कं असो की गळकं, हात सगळ्यांनी घालायचा. मात्र सगळी घरं झाली की नेणाऱ्यानं झोळी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची आणि स्वतःच्या घरात जाऊन बसायचं. दुसऱ्यानं त्याच्या दाराकडे पाठ करून म्हणायचं, झोळी आली. शेवटचं दार ते. आतून पळीचा दाट आवाज येईपर्यंत आळीतलं कोणी घरी जात नाही, पाऊस असला तरी.

मागच्या साली झोळी मी फिरवली. शेवटी माझ्या दारी आली, आणि मी हात घातला. मूठ मिटून घातली, मूठ मिटून काढली.

काय केलं, ते विचारायचं नाही.