पाळकाच्या बंगल्याखालचं पाणी

फार वर्षांपूर्वी, करंजखिंडीला बैलगाडीचा रस्तासुद्धा नव्हता, तेव्हा तिथं रंभाजी नावाचा गवंडी होता. त्याचा हात असा की त्यानं रचलेल्या दगडांत सुईसुद्धा शिरायची नाही, असं म्हणतात. त्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शांतवन पाळकांनी त्याचं नाव रूबेन ठेवलं. नाव एका सकाळी बदललं हो, पण मन? कुठलं जुनं सोडायचं न् कुठलं ठेवायचं, हे बिचाऱ्याला काही केल्या उमगेना.

त्याच साली पाळकांचा बंगला बांधायला निघाला. काळा दगड, घाणीत मळलेला चुना, पुढं पाच कमानींचा ओटा. पाटलानं माळावरची जागा दिली, पण अट घातली की पावसाळ्याआधी कौलं चढली नाहीत तर जागा परत. ती गेली तर प्रभूच्या, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या बारा घरांना गावात टेकायला दुसरी जागा नव्हती. गावची विहीरही त्यांना बंद. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी.

आणि नेमकी मागची भिंत उभी राहीना. दिवसा रचावी, सकाळी येऊन बघावं तर आडवी! एकदा नाही, तीनदा. गाव म्हणालं, जागा बळी मागतेय. पाळक म्हणाले, "रूबेन, प्रार्थना कर. भिंत पडली तरी मन पडू देऊ नकोस."

"पाळकसाहेब, भिंत बी पडलीय न् मन बी," तो म्हणाला.

त्याची बायको गोजरा पदराखाली कोंबडा घेऊन आली. "कापा गुमान. कुणाला कळतंय?"

"अगं, पर कुनाच्या नावानं कापू?"

"ते तुमचं तुम्ही बघा!" म्हणून ती फणकाऱ्यानं निघून गेली.

भर दुपारी रंभाजी पायाच्या चरात उतरला. एका हातात कोंबडा, दुसऱ्या हातात सुरी, आणि तोंडानं प्रार्थना. आता हसू नका, तुम्ही तरी काय केलं असतंत? सुरी उचलली तोच कोंबडा निसटला, कोपऱ्यात पळाला आणि चोच खाली-वर करू लागला. रंभाजी बघतच राहिला. कोंबडा पाणी पीत होता!

त्यानं थापीनं उकरलं. पाण्याची जिवंत धार वर आली. तिच्यावरच भिंत चढत होती, मग टिकणार कशी? त्यानं धारेवर कमान वळवली, पाण्याला वाट दिली आणि कमानीवर भिंत घेतली. ती आजतागायत हललेली नाही. मृगाआधी कौलंही चढली.

पुढच्या वर्षी दुष्काळात सात गावच्या विहिरी आटल्या. बंगल्याखालची धार मात्र हत्तीच्या सोंडेएवढी झाली, असं म्हणतात. पाटीलसुद्धा हंडा घेऊन आला, आणि बारा घरांनी त्याचा हंडा भरून दिला.

रंभाजी मात्र जन्मभर गोंधळलेलाच राहिला. पाणी दाखवलं कुणी? जुन्यानं की नव्यानं? तिथलं पाणी पिण्याआधी पहिली ओंजळ तो जमिनीवर सोडायचा आणि म्हणायचा, "ज्याचं त्याला पोचू दे."

अजूनही चैत्रात करंजखिंडीचे झाडून सगळे, देवळातले आणि चर्चमधले, बंगल्याच्या मागं जमतात. आधी कोंबड्याला पाणी पाजतात, त्याला मोकळा सोडतात, आणि मग ओंजळ सोडून तेच शब्द म्हणतात. नवे आलेले पाळक दरवेळी बुचकळ्यात पडून विचारतात, "ही ओंजळ नक्की कुणाला?"

म्हाताऱ्या म्हणतात, "रंभाजीला कळलं न्हाई, तर आमाला कुठनं कळंल? तुमी आदी पाणी प्या."