भागाबाईचा माग

एका गावात बारा हातमागांचं एक विणघर होतं. तिथला नियम असा, की आजारी पडेल त्याने आपल्या मागाला हळदीचा दोरा बांधून घरी जावं. बरा होऊन तो स्वतः दोरा सोडीपर्यंत त्या मागावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. आणि दोरा का बांधला, हे वडीलधाऱ्यांना कधी विचारायचं नाही. मंजुळा तिथे विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायला लागली, त्या दिवशीच तिला हे बजावलं होतं.

तीन वर्षं ती कांड्याच भरत होती. एखादा माग रिकामा झाला तरच तिला विणायला मिळणार होतं. नियम चांगला आहे, हे तिला पटत होतं. फक्त जत्रा आली की थोरामोठ्यांच्या मागांवर भराभर दोरे कसे उगवतात, हे कळत नव्हतं. त्यांत सगळ्यांत थोर केरूतात्या. त्यांची कंबर नेमकी बैलांच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी धरायची आणि निकाल लागला की सुटायची. तोवर त्यांचं काम इतरांच्या बोकांडी.

त्या वर्षी भागाबाईला ताप भरला. एकटी बाई, मागावरच पोट. तिने दोरा बांधला. आठ दिवस झाले, पंधरा झाले. इकडे राजवाड्यातलं लग्न तोंडावर आलं. शालू पुरे होईनात. मालक गोविंदशेट त्या एका मुक्या मागाकडे बघून कासावीस व्हायचे.

मंजुळा पेज घेऊन भागाबाईकडे गेली. बाई भिंतीला धरून उभी राहू पाहत होती. पाय लटपटत होते.

"मावशी, निजा की! वैद्यबुवा काय म्हणाले?"

"महिनाभर हलू नको म्हणाले. पण माझा माग दिला नाही ना गं कुणाला?"

"दोरा आहे त्याला."

"दोऱ्यावर आता कोण विश्वास ठेवतंय, बाई!" असं म्हणत भागाबाई पुन्हा पदर खोचू लागली. मंजुळेने कसंबसं तिला निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजींनी सगळ्यांना बोलावलं. "दोऱ्याच्या नावाखाली फार सुट्ट्या झाल्या. आता हा नियमच मोडीत."

केरूतात्यांनी मान डोलावली. "हल्लीच्या बायकांचं जरा अंग मोडलं की झालं! पोरी, सोड तो दोरा. आजपासून माग तुझा."

हेच ऐकायला तीन वर्षं तिचे कान आसुसले होते. नाही म्हटलं तर हातातल्या कांड्याही जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"तात्या, तुमची कंबर खरंच दुखायची का?"

"कार्टे! मोठ्यांना विचारतेस?"

"विचारते. तुम्ही इतके खोटे दोरे बांधलेत, की आता शेटजींना खरा ओळखू येईना. लबाडी तुमची आणि शिक्षा तापाने फणफणलेल्या बाईला? मी नाही बसणार या मागावर. कांड्यांवरून काढायचं तर काढा."

शेटजी तात्यांकडे बघत राहिले. तात्या कंबरेवर हात ठेवून आपल्या मागाकडे वळले. बाकीच्यांच्या माना कधीच खाली गेल्या होत्या. दोऱ्याला हात लावायला कुणीही पुढे आलं नाही.

तात्पर्य: खोटं दुखणं काढणारा खऱ्या आजाऱ्याची विश्रांती चोरतो, आणि त्या चोरीचं निमित्त करून आजाऱ्याचा हक्क काढून घेणारा चोराचाच भागीदार होतो.