पुढची कबर

“मुलगी जगेल, असं देवाने तुला सांगितलं होतं का?”

शांतवनबाबांनी खालून विचारलं. ते छातीभर खोल खड्ड्यात उभे होते. काठावर सीलास उभा होता, बोरखेडीच्या चर्चचा तरुण पाळक.

सीलासने पायाने एक ढेकूळ काठापासून दूर सारलं.

“मी काहीतरी विचारलं.”

“नाही,” सीलास म्हणाला. “सांगितलं नव्हतं.”

“मग एलियाला तसं का सांगितलंस?”

“वाटलं... मी एवढ्या विश्वासाने बोललो, तर त्याला ते करावंच लागेल.”

“कोणाला? एलियाला?”

“देवाला.”

बाबांनी पहार उचलून मुरुमात मारली. एक कपचा निघाला, एवढासा.

बोरखेडीची जमीन अशीच आहे. वर वीतभर माती, खाली कठीण मुरूम. माणूस गेल्यावर खणायला घेतलं तर दोन दिवस जातात, आणि मयत तेवढं थांबत नाही. म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. एक कबर नेहमी खणून तयार ठेवायची. ती भरली की पुढची खणायला घ्यायची. कोणासाठी, ते कोणी बोलत नाही.

मागची कबर बाबांच्या मापाची होती. ते मिशनचे जुने उपदेशक. मंडळीत सगळ्यात म्हातारे, तेव्हा आधी तेच जाणार असं सगळे धरून चालले होते. सीलासला लहानपणी शास्त्र त्यांनीच शिकवलं होतं.

त्या कबरीत गेल्या आठवड्यात एलियाची सलोमी ठेवली. सात वर्षांची होती. तापात गेली. लहानशी पेटी तळाला टेकली आणि चारी बाजूंनी एवढी जागा उरली, की एलिया म्हणाला, “हिला आत एकटं वाटेल.” त्यानंतर तो कोणाशी बोललेला नाही.

“मी जातो, बाबा,” सीलास म्हणाला. “दुपारच्या एसटीने. पुण्यात मामाचं दुकान आहे, तिथं बसेन.”

“कसलं दुकान?”

“फरशांचं.”

“फरशा बऱ्या. फुटल्या तर बदलून देता येतात.”

सीलासला ते लागलं.

“करा थट्टा. मिशनचा दवाखाना बंद झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, प्रभू बघतोय. शाळेला कुलूप लागलं, तेव्हाही तेच. निम्मी घरं शहरात गेली. उरली ती रविवारी दार लावून बसतात, चर्चला जाताना कोणी बघेल म्हणून. प्रभू बघतोय, प्रभू बघतोय... बघून करतो काय?”

“ठाऊक नाही.”

“जन्मभर उपदेश केलात, आणि ठाऊक नाही?”

“पहिल्या वर्षी ठाऊक होतं.”

बाबा रागावतील, मग आपणही रागातच निघून जाऊ, असं सीलास ठरवून आला होता.

“खरं सांगा,” तो हळूच म्हणाला. “तुमचा तरी विश्वास उरलाय का?”

बाबांनी पहार खड्ड्याच्या भिंतीला टेकवली.

“सलोमीला ठेवल्यापासून प्रार्थनेला बसतो. तोंड उघडत नाही.”

“मग काय करता?”

“बसतो.”

...

“मला जायची परवानगी द्या, बाबा.”

बाबांनी हात वर केला. निरोपाचा आशीर्वाद देतायत असं वाटून सीलास गुडघ्यावर आला आणि त्याने डोकं खाली झुकवलं.

“डोकं काय करू? हात दे. गुडघा वळत नाही माझा, वर यायचंय.”

सीलासने ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा बाबा पोटावर काठाशी आले आणि तसेच धापा टाकत पडून राहिले.

सीलासने आजूबाजूला पाहिलं. शिडी नव्हती. कबरस्तानात दुसरं माणूस नव्हतं.

“वर कोण होतं तुमच्याबरोबर?”

“कोणी नाही. एलिया असायचा, माती वर घ्यायला.”

“मी येणार, हे ठाऊक होतं?”

“तू सकाळच्याच गाडीने गेलास, असं ऐकलं होतं.”

“मग उतरलात कसे?”

“खणायचं होतं.”

“आणि कोणीच आलं नसतं तर?”

“तर खड्डा वाया गेला नसता, पाळकसाहेब.”

सीलासला हसू आलं. हसता हसता तो रडायला लागला. बाबा शर्टावरची माती झटकत बसले. त्यांनी त्याला उगी केलं नाही.

लांब फाट्यावर एसटीची धूळ दिसली. सीलास उठला. धूळ पुढे सरकत गेली, थांबली, पुन्हा सरकली आणि बाभळींमागे दिसेनाशी झाली. तो तिथेच उभा होता.

“उद्या रविवार,” तो म्हणाला. “एलिया आला आणि त्याने मला विचारलं, तर काय सांगू? माझ्याजवळ एक शब्द नाही, बाबा.”

“माझ्याजवळही नाही.”

...

“पहार आत राहिली,” बाबा म्हणाले.

सीलासने खड्ड्यात डोकावलं. अजून बरंच खणायचं होतं. पुरुषभर खोल न्यायचं होतं.

“मी तळाला गेलो, तर तुमच्याने मला ओढवणार नाही.”

“नाही ओढवणार.”

“मग मला वर कोण काढील?”

बाबा सरकत काठावर गेले, एलिया बसायचा त्या जागी बसले, आणि त्यांनी माती घ्यायला घमेलं पुढे ओढलं.

“ठाऊक नाही. उतर.”