समई आणि मुके पंखे

नाट्यगृहाच्या छतामागे लपलेल्या पंख्यांना इंजिनिअर नीलाक्षीने कमी वीज खाणाऱ्या मोटारी बसवल्या. जुन्यांच्या घरघरीत नटांची वाक्यं बुडून जायची. पण उद्घाटनाला आलेले नगराध्यक्ष दौलतराव कान टवकारून म्हणाले, "आवाज नाही, म्हणजे पंखे बंदच. उद्या जुन्या मोटारी परत बसवा."

 नीलाक्षी शांतपणे म्हणाली, "बसवते. आधी समई तेवढी लावा, साहेब." आणि तिने समई हळूच छतातल्या हवेच्या जाळीखाली सरकवली.

दौलतरावांनी काडी ओढली, विझली. दुसरीही विझली. तिसरीला ते वैतागले, "अहो, तो पंखा बंद करा आधी."

"कोणता, साहेब?"

विझलेल्या काडीकडे बघत दौलतराव खुदकन हसले.

"असू द्या चालू," ते म्हणाले. "तुम्ही जरा हाताचा आडोसा धरा."