नावाची शिळा

सोनकीगडाच्या पायथ्याशी हा जो काळा, सपाट खडक आपणांस दिसतो, त्यास नावाची शिळा म्हणतात. काही जण हिला नवरीची शिळा म्हणतात. ते बरोबर नव्हे.

फार पूर्वी परमुलखातील एका सरदाराने या गडास वेढा घातला होता, असे सांगतात. गड काही हाती येईना. तेव्हा त्याने खालून दवंडी पिटवली, की हत्यार टाकून उतरेल त्यास अभय आहे. वरचे शिपाई हसून ओरडत, "आधी तूच वर ये की पाव्हण्या, भाकरी खाऊन जा!"

मग सरदाराने शिपायांच्या बायकांना वाडीतून धरून आणले आणि या शिळेवर उभे केले. "अहो धनी, खाली या, इथे सगळे सुखरूप आहे," अशी हाक त्यांना द्यावयास लावली. दोघींचे नवरे ती ऐकून उतरले. पलीकडच्या ओढ्यात, गडावरून दिसणार नाही अशा जागी, त्यांची डोकी उडवली गेली. खालच्या बायकांनी ते डोळ्यांनी पाहिले.

तिसरी पाळी सगुणेची होती. पाठीशी नागवी तलवार होती. शिकवलेल्या शब्दांपलीकडे बोलण्याची सोय नव्हती. तिने वर पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "सुभानजी! खाली या, इथे सगळे सुखरूप आहे."

ही किती स्पष्ट बोलते, म्हणून सरदार म्हणे खूश झाला.

तटावर मात्र हशा उसळला. "सुभान्या, तुझी कारभारीण नावानं बोलावतीया रं! लई माजलीया!"

सुभानजी हसला नाही. "लग्नात उखाणा घे म्हणून सगळी वाडी मागं लागली, तरी तिनं माझं नाव घेतलं न्हाई," तो म्हणाला. "खाली दगा हाय. दरवाजा लावा."

त्यानंतर गडावरून कोणी उतरले नाही. सायंकाळी कोणीतरी सरदारास आपल्याकडील रीत समजावून सांगितली. सगुणेस याच शिळेवर मारले. सुभानजी तटावरून पाहत होता, आणि तरीही दरवाजा उघडला नाही, असे म्हणतात. पुढे पावसाळा तोंडावर आला आणि वेढा उठला.

आजही वाडीतील नवी सून लग्नानंतर या शिळेवर उभी राहते आणि उखाण्यावाचून, मोठ्याने नवऱ्याचे नाव घेते. तो वर तटावर उभा असतो. त्याने ओ द्यावयाची नाही, खाली उतरावयाचे नाही. मग तीच गड चढून त्याच्याकडे जाते.