शेवटच्या बांधीचं पाणी

“...अन् तीन मिनिटांत काय काय बसते रे, हेमराज?”

आडकूबाबांनी विचारलं आणि पुन्हा वाकून गेटच्या फळीवरचं शेवाळ खरवडू लागले.

हेमराज पुस्तोडे तलावाच्या पाळीवर उभा होता. हातात पाच कागद होते, ते घामानं ओले झाले होते.

“सगळं बसवावं लागतं, बाबाजी. परवापर्यंत दहा मिनिटं होती. काल पाच झाली. आज सकाळी फोन आला... तीन.”

“उद्या सकाळी कितीचा फोन येईल?”

हेमराज हसला नाही. त्याला तीच धास्ती होती. गाडीत बसला की भाषण पाठ म्हणायचा, उतरला की विसरायचा.

माणूस तसा मोठा. नऊ वर्षं आमदार. पण विधानसभेत त्याची जागा अगदी मागच्या रांगेत, खांबाशेजारी. कॅमेरा त्याच्या बाकापर्यंत फिरत नसे, आणि फिरलाच तर त्याचं कपाळ तेवढं दिसे. बायको टीव्हीवर बघून म्हणायची, आज केस चांगले विंचरले होते.

आडकूबाबा गावचे पाटकरी. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, कधी सोडायचं, हे चाळीस वर्षं त्यांच्या शब्दावर चालत आलेलं. हेमराज पोरवयात या पाळीवर त्यांच्या पायाशी बसायचा. निवडणुकीचा अर्ज भरायला निघाला तेव्हा पहिला त्यांच्या पाया पडला होता. आजही नागपूरला अधिवेशन सुरू असताना रविवार धरून तो आला होता, तो घरी न जाता थेट इथंच.

कारण उद्या शाळांवर चर्चा होती. वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा बंद करायच्या आणि मुलं मोठ्या शाळेत पाठवायची, असा विचार सरकारचा. हेमराजच्या भागात सालेटोला या वस्तीची शाळा होती. अकरा मुलं. मोठी शाळा पाच किलोमीटरवर, मधे जंगल आणि नाला. मोहफुलं गळायला लागली की त्या वाटेवर अस्वलं असतात. टोल्यातल्या बायांनी स्पष्टच सांगितलं होतं, शाळा हलली तर आम्ही पोरींना घरी ठेवू.

आणि हेमराजनं टोल्यात उभं राहून शब्द दिला होता. शाळा हलू देणार नाही.

“तू बोललास तर थांबते का ते?” बाबांनी विचारलं.

“मंत्रीसाहेब म्हणालेत, जंगलातल्या शाळांचा वेगळा विचार करू. पण कोणीतरी सभागृहात मांडलं पाहिजे. आमच्या भागाकडून मीच एकटा आहे.”

“मंग मांड.”

“मांडतोच ना, बाबाजी! नऊ वर्षं दुसरं काय केलं?”

त्यानं पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. लाल कापडाची बांधणी, वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव. सगळी भाषणं त्यानं छापून, बांधून घेतली होती.

“दोनशे चौदा वेळा बोललो. रेशन, दवाखाने, घरकुलं, विधवांचं मानधन... घरातल्या चुलीपासून गावच्या रस्त्यापर्यंत एक विषय सोडला नाही.”

बाबांनी हात धोतराला पुसले. पुस्तक घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानं हळूहळू उलटली, जणू प्रत्येक पानावर काहीतरी बसलं आहे आणि ते उडून जाईल.

“लई बोललास रे बाप्पा.”

हेमराजची छाती जराशी भरली.

“यातलं शेवटपर्यंत किती बोललास?”

“...म्हणजे?”

“घंटी वाजायच्या आधी.”

पाण्यावर एक बगळा उतरला, बसला, उडाला.

“घंटा वाजली की उरलेलं लिहून टेबलावर ठेवतो, बाबाजी. तशी सोय आहे. ते वाचलं असंच धरतात.”

“वाचते कोण?”

“...वाचलं असं धरतात.”

“हं.” बाबांनी पुस्तक परत दिलं. “उद्याचं वाच बरं. मी गेट उचलतो. तुझी घंटी वाजली की खाली टाकीन.”

“आत्ता? आज पाण्याची पाळी कोणाची आहे?”

“फुलवंताची. थे बसली हाये तिकडे, शेवटच्या बांधीवर. सकाळपासून.”

हेमराजनं मोबाइलवर तीन मिनिटं लावली. बाबांनी दोन्ही हातांनी फळी उचलली. पाणी आधी थबकलं, मग भसकन शेतांकडं जाणाऱ्या कोरड्या चारीत पडलं आणि वाळका पाचोळा पुढं घालून निघालं.

हेमराजनं घसा साफ केला.

“माननीय अध्यक्ष महोदय, आपण मला या अत्यंत महत्त्वाच्या विषयावर बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानतो. तसेच माननीय मुख्यमंत्री महोदयांचे, माननीय शिक्षणमंत्री महोदयांचे, आमच्या पक्षाच्या प्रतोदांचे...”

आवाज बरा लागला होता. पाळीवरची दोन म्हातारी माणसं थांबून ऐकू लागली. हेमराजला धीर आला. त्यानं मंत्र्यांच्या दूरदृष्टीबद्दल दोन वाक्यं म्हटली. मग एक शेर म्हटला. म्हाताऱ्यांपैकी एकानं मान हलवली. मग आपला जिल्हा हा तलावांचा जिल्हा कसा, पूर्वजांनी हे तलाव कसे बांधले, ते आलं. ते तो नेहमीच सांगायचा आणि त्याला स्वतःला फार आवडायचं.

“...तर अध्यक्ष महोदय, या पार्श्वभूमीवर मी आपलं लक्ष वेधू इच्छितो, की माझ्या मतदारसंघातील सालेटोला या—”

मोबाइल वाजला.

फळी खाली बसली. धप्.

हेमराजनं कागदाकडं बघितलं. पाचातले अडीच कागद उरले होते.

“चल,” बाबा म्हणाले. “पानी पाहू कुठवर गेलं.”

चारीच्या कडेनं दोघे निघाले. बाबा पुढं, हेमराज मागं. नव्वद-शंभर पावलं गेली असतील नसतील, बाबा थांबले.

पाणी तिथंच संपलं होतं. टोकाला थोडा फेस, थोडा पाचोळा. आणि बघता बघता तेही खाली मुरत होतं. पुढं चारी कोरडी, भेगाळलेली, लांबच लांब.

“एवढं सोडलं ते कुठं गेलं?” हेमराजच्या तोंडून निघून गेलं.

बाबा चालत राहिले.

शेवटची बांधी आणखी तीन-चारशे पावलांवर होती. धान कापून झालेलं, तिथं आता गहू वीतभर उभा होता आणि टोकाला पिवळा पडला होता. बांधावर फुलवंताबाई कुदळ मांडीवर घेऊन बसली होती. सालेटोल्याचीच बाई. तिनं पदर सावरला, पण उठली नाही.

“या आमदारभाऊ. पान्याची वाट पाहत होती, तुमी आले. हे बी बरं.”

“नमस्कार, बाई.”

“पानी कुठं सोडलं बाबाजी? अर्ध्यातून माघारी गेलं का?”

“अर्ध्यात बी नाही आलं,” बाबा म्हणाले. “यानं भाषण केलं.”

“मंग बरोबर हाये.” ती हसली. लगेच तिचा चेहरा उतरला. “भाऊ, उद्या आमच्या शाळेचं बोलनार ना तुमी? खरं सांगा. माझी नात हाये तिथं. तिची माय बांधकामावर परगावी गेली, पोर माझ्याजवळ ठेवून. अस्वलाच्या वाटेनं मी नाही धाडनार तिले. घरी बसवीन, बकऱ्या राखायला लावीन. दुसरं काय करू?”

“बोलणार, बाई. लिहिलंय इथं. अकरा विद्यार्थी.”

“कोन कोन?”

हेमराजनं कागद वर केला. खाली केला.

“नावं... नाहीत लिहिलेली.”

“अगं बाई! सोपी हायेत की.” तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “रोशनी, पायल, निकेश, प्रणय, तनू, लहानी रोशनी, समीर, दुर्गा, वेदांत, आचल, अन् आमची मोगरा. सात पोरी, चार पोरं. संपलं.”

एका श्वासात झालं. हेमराजला वाटलं, ती अजून काही सांगेल. पण खरंच संपलं होतं.

तो बांधावर खाली बसला. सफारीला माती लागली. पहिला कागद उलटा केला. एका बाजूला आभार होते, मागची बाजू कोरी होती.

“पुन्हा सांगा, बाई. हळू.”

तिनं सांगितलं. त्यानं लिहिलं. लिहून झालं तरी तो कागदाकडंच बघत राहिला.

खिशात फोन थरथरला. त्यानं बघितलं नाही. मग बघितलं. प्रतोदांचा निरोप होता, सुरुवातीला मंत्रीसाहेबांचे आभार विसरू नका, ते स्वतः हजर असतील.



“बाबाजी... आभार न मानता एकदम नावं घेतली तर त्यांना राग येईल.”

“येईल.”

“आपलाच माणूस उलटला म्हणतील.”

“म्हनतील.”

“पुढच्या वेळी तीन मिनिटं पण देणार नाहीत. मी त्या खांबामागं नुसता बसून राहीन, बाबाजी. आणि तिकीट...”



आडकूबाबा त्याच्या समोर उकिडवे बसले. “या तलावाची रीत काय हाये?”

हे तर त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. “शेवटच्या बांधीला आधी पाणी. मग मागं मागं येत गेटाजवळच्या बांधीला.”

“गेटाजवळची पहिली बांधी कोनाची?”

“...आमची.”

बाबांनी ओठ वर ओढला. समोरचा एक दात नव्हता. हेमराजनं ती फट लहानपणापासून पाहिली होती. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“हा तुझ्या बापानं पाडला. दुष्काळाचं वर्स होतं. डोळ्यासमोरून पानी चाललं अन् त्याची बांधी कोरडी. फावड्याचा दांडा मारला.”

फुलवंताबाई कुदळीकडं बघू लागली.

हेमराजचा बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. तो गेला तेव्हा खांदा द्यायला आडकूबाबाच पहिले होते. हेमराजला ते आठवलं, आणि त्याला बाबांकडं बघवेना.

“तुम्ही... भ्याला नाहीत?”

“भ्यालो ना. हातपाय लटलट कापत होते. एका हातानं तोंड धरलं होतं. रगत थांबत नव्हतं.”

“आणि दुसऱ्या हातानं?”

“फळी धरली होती. सुटली असती तर खाली पडली असती.”

गव्हावरून वारा गेला.

हेमराजनं कागद उलटा केला. आभार. पुन्हा सुलटा केला. रोशनी, पायल, निकेश... उरलेले चार कागद त्यानं लाल पुस्तकात घातले आणि पुस्तक पिशवीत. हातात एकच राहिला.

“बाबाजी, मी निघतो. नागपूर तीन तास आहे. रस्त्यात पाठ करीन.”

बाबा उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. ते चारीच्या कडेनं गेटाकडं चालू लागले. वीसेक पावलं गेल्यावर थांबले आणि मागं न वळता म्हणाले,

“तू इथंच उभा राहा. मी फळी उचलतो. फुलवंताच्या गव्हात पानी शिरलं की हाक मार... तोवर एक शब्द बोलू नोको.”