तुरटीतले पाणी

मंजिष्ठेच्या लाल रंगासाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या एका वृद्ध रंगाऱ्याकडे एकदा एक शिष्या आली. रसायनशास्त्र शिकलेली, पण स्वभावाने भित्री. कढईचं झाकण पडलं तरी दचकायची. भिणाऱ्या माणसाला आकड्यांचा मोठा आधार वाटतो, तसा तिलाही वाटे.

रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवत. वीस वर्षं ते काम हौसाबाई करीत. त्यांचं माप म्हणजे ओंजळ. शिष्येने वही उघडली. एका घाण्याला तुरटी हवी दोन मोल; पुस्तकात एका मोलचं वस्तुमान २५८ ग्रॅम; म्हणजे ५१६. उत्तराखाली तिने दोन रेघा मारल्या.

"मावशी, तुम्ही जवळजवळ दुप्पट टाकता."

"ताई, कापड पितं तेवढं टाकते. कमी पडलं तर पहिल्या धुण्यातच रडेल ते."

"गणित खोटं बोलत नाही, मावशी."

"मग मीच बोलत असेन," हौसाबाई हसल्या, आणि तोलून दिलेली तुरटी त्यांनी निमूट ओतली.

पहिल्या धुण्यातच लुगडी फिकी पडली. विणकरांनी गठ्ठा परत आणून ओट्यावर आपटला. आता आपल्याला घालवणार, या धास्तीने शिष्येच्या तोंडून निघून गेलं, "मी मोजूनच दिली होती. मावशींनीच काहीतरी कमी-जास्त केलं असेल." रंगाऱ्याने वहीतल्या त्या दोन रेघा पाहिल्या आणि हौसाबाईंना कामावरून काढलं.

पुढचे घाणे शिष्येने स्वतःच्या हाताने केले. तेही फिके.

तेव्हा रंगारी रागावला नाही. त्याने चूल पेटवली, तवा ठेवला आणि म्हणाला, "शंभर ग्रॅम तुरटी तोलून टाक यावर." तुरटी वितळली, खदखदली, वाफ सोडत फुगली आणि शेवटी तिची पांढरी, ठिसूळ लाही झाली.

"आता तोल."

काटा पंचावन्नाच्याही अलीकडे थांबला.

"बाकीची कुठं गेली?"

"पाणी होतं, बाबा. खड्याच्या आतलं." बोलता बोलता तिने पुस्तक ओढलं. २५८ च्या शेजारी 'निर्जल' असा शब्द होता. तो तिने वाचला होता, वहीत उतरवला नव्हता. खड्याची तुरटी मोलला ४७४ भरते. दोन मोल म्हणून तिने जेमतेम एक टाकला होता.

रंगारी म्हणाला, "तुझा गुणाकार चोख होता, पोरी. पण तो या लाहीचा होता, आणि पोत्यात होता खडा. हातात काय आहे ते आधी विचारावं, मग त्याचा आकडा शोधावा. तू तुरटीला विचारलं नाहीस, मी हौसाबाईला विचारलं नाही. तुझी चूक तव्यावर दिसली. माझी तिच्या चुलीवर दिसत असेल."

हौसाबाई एका व्यापाऱ्याच्या कांदाचाळीत कांदे निवडत होत्या.

"मावशी, चूक माझी होती. चला परत."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "वीस वर्षं नखं लाल होती माझी. दोन महिन्यांत उतरली बघा." मग पुन्हा कांद्यांकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव घेतलंत, तेव्हा काय तोललं होतंत, ताई?"

शिष्या एकटीच परतली. वहीत तिने २५८ खोडून ४७४ लिहिलं, गुणाकार केला, ९४८ आले. उत्तर बरोबर होतं. त्याखाली रेघ मारायला मात्र तिचा हात उचलला नाही.